वाढत्या अंगाची काठी घेऊ नका

पत्र एका बाबांचं आहे. ते स्वतः बरीच वर्षं गळाने मासे धरतात. मुलगी सात वर्षांची. मागच्या वर्षी त्यांनी तिला कार्टूनचं चित्र असलेला, लहान मुलांसाठी म्हणून मिळणारा काठी-रीलचा सेट आणून दिला. दुसऱ्याच खेपेला रीलच्या आत तंगूस (गळाचा दोरा) अडकला, आत दाबलेलं बटण बाहेर येईना, आणि मुलगी पाण्यात दगड टाकत बसली. ‘तिची आवड तिथेच गेली,’ असं बाबा लिहितात. पण आता तीच पुन्हा मागे लागली आहे: ‘मला खरी काठी हवी, लांब टाकता येईल अशी.’ या वेळी स्वस्ताच्या नादी न लागता आपल्यासारखीच सात फुटी कार्बनची काठी आणि उत्तम उघडं रील (ज्याचा तंगूस बाहेर दिसतो असं) घ्यावं, म्हणजे मोठेपणीही चालेल, असं त्यांच्या मनात आहे. बरोबर येणारा मित्र म्हणतो, त्या सेटसारखं टोपीने झाकलेलं, बटणाचं रील मुळीच देऊ नकोस, हाताला वाईट वळण लागतं. पत्नी म्हणते, दहा वर्षांची होईपर्यंत थांबू या. आणि शेवटी बाबांचा प्रश्न: ‘एवढा खर्च केला तर तिची आवड टिकेल ना?’

नमस्कार.

दगडांपासूनच सुरुवात करते. तिची आवड गेली हे मला पटलेलं नाही. आवड गेलेलं मूल वर्षभराने स्वतःहून काठी मागत नाही, आणि ती कशासाठी हवी हे तर अजिबातच सांगत नाही. त्या दिवशीचा जरा हिशेब मांडून बघा. पाण्याकाठी पोहोचल्यापासून परत निघेपर्यंत काठी तिच्या हातात किती वेळ होती आणि तुमच्या हातात किती? आमिष तुम्ही लावलं असणार. नीट पडलं नाही म्हणून ‘दे इकडे’ म्हणत गळही तुम्हीच टाकला असणार. गुंता तुम्ही सोडवलात. तिच्या वाट्याला काय आलं, तर ‘धर, आणि हलवू नकोस.’ त्यापेक्षा दगड टाकणं कितीतरी बरं, ते निदान सगळं आपलं आपल्याला करता येतं.

म्हणून काठी निवडताना मी एकच गोष्ट बघेन: तुम्ही दहा पावलं लांब उभे असाल, तर तिला त्या काठीने काय काय करता येईल? लांबी, वजन, रील, तंगूस, सगळं याच प्रश्नाने ठरवा. काठी किती वर्षं टिकेल हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.

आधी त्या कार्टूनच्या सेटबद्दल, कारण त्याच्या अपयशातून तुम्ही आणि तुमच्या मित्राने दोन वेगळे निष्कर्ष काढलेत आणि माझ्या मते दोन्ही चुकलेत. असल्या सेटमधली काठी बहुतेक वेळा अडीच-तीन फुटांची आणि ताठ असते. चांगली काठी मागे नेली की वाकते आणि सरळ होताना वजन पुढे भिरकावते. निम्मं काम ती करते. वाकलीच नाही तर सगळा जोर पोरीच्या मनगटाने लावायचा. रीलच्या आत प्लॅस्टिकची चाकं. त्यावर कारखान्यातून भरून आलेला तंगूस इतके महिने वेटोळ्यात राहिलेला असतो की सुटला तरी सरळ होत नाही. रीलच्या टोपीच्या आत तो सैल पडतो, रिळाच्या मागच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो आणि सगळं जाम होतं. म्हणजे दोष त्या मालाचा होता. बटणाचं रील या प्रकाराचा नव्हता, आणि लहान मुलांच्या मापाची काठी घेण्यातही काही चूक नव्हती.

आता तुमची सात फुटी कार्बनची काठी. मोठेपणीही चालेल असा विचार आपण कपडे घेताना करतो. पण वाढत्या अंगाचा फ्रॉक खालून दुमडून टीप घालता येते, काठीला तशी सोय नाही. सात वर्षांच्या मुलीची उंची चार फुटांच्या आसपास. तिच्या हातात सात फुटी काठी दिली की शेंडा मनगटापासून इतका लांब जातो की कागदावर हलकी असलेली काठीही हाताला जड लागते. ती दोन्ही हातांनी धरणार, मूठ पोटाला टेकवणार, आणि मागे नेताना शेंडा कुठे आहे याचा तिला पत्ता नसणार. तो झाडात असेल, नाहीतर तुमच्या टोपीत.

शिवाय कार्बनचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हलका, माशाचं हलकंसं टोकरणंही हाताला कळवणारा, पण आडवा मार न सोसणारा. दगडावर आपटली किंवा गाडीच्या दारात सापडली, की तेव्हा काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी नेमक्या वेळी ती मोडते. मुलांच्या हातून काठी आपटणारच. फायबरग्लास जड असतं, जरा मंद असतं, मोठे गरवणारे त्याला नाकं मुरडतात. पण ते आपटाआपट सहन करतं आणि भरपूर वाकतं. बोटभर मासा लागला तरी काठीची कमान होते. तुम्हाला त्यात विशेष वाटणार नाही. तिला वाटेल.

तेव्हा साडेचार ते साडेपाच फूट, फायबरग्लास किंवा फायबरग्लास-कार्बन मिश्रण, आणि शेंडा धरून हलकेच ओढला तर निम्म्यापर्यंत वाकणारी. दोन तुकड्यांची असली तरी चालेल. दुकानात तिला घेऊनच जा. रील लावून काठी तिच्या एका हातात द्या, कोपर अंगाशी, शेंडा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि शाळेतलं काहीतरी विचारा. बोलता बोलता दोन मिनिटांत शेंडा जमिनीकडे झुकला तर काठी जड आहे, मग ती कितीही चांगली असो. आणि एक कापसाचा बोळा खिशात ठेवा. तंगूस ज्यातून जातो त्या प्रत्येक कडीच्या आतून तो फिरवा. कापसाचा धागा अडकला तर कडीला चरा आहे. तो तंगूस कापत राहील आणि मासे का सुटतात ते कळणार नाही. जुनी काठी कुणाकडून घेत असाल तर हे न चुकता करा.

रीलवर मात्र थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण तुमच्या मित्राशी माझं भांडण तिथे आहे.

उघड्या रीलने गळ टाकायला काय काय करावं लागतं, ते आपण सवयीने विसरतो. तर्जनीने तंगूस उचलून काठीला दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने तारेची कमान उघडायची, काठी मागे न्यायची, पुढे आणताना अचूक क्षणी बोट सोडायचं, आणि गळ पडला की कमान हाताने मिटायची. हँडल फिरवून मिटली तर हळूहळू पीळ पडतो आणि पुढच्या कुठल्यातरी फेकीत गुंत्याचं घरटं बाहेर येतं. यातली मुख्य अडचण अकलेची नसून बोटाच्या लांबीची आहे. तिने काठी नीट धरली असताना तर्जनी रिळाच्या कडेपर्यंत पोहोचते का बघा. बहुतेक सात वर्षांच्या मुलांची पोहोचत नाही, मग ती मूठ सरकवून कशीतरी धरतात. वाईट वळण लागतं ते खरं तर इथे.

बटणाच्या रीलला अंगठा पुरतो. बटण दाबून धरायचं, काठी कानामागे न्यायची, पुढे आणायची आणि डोळ्यांसमोर आली की अंगठा सोडायचा. लवकर सोडला तर गळ आभाळात जातो, उशिरा सोडला तर पायापाशी पाण्यात आपटतो. चूक काय झाली हे तिला स्वतःला दिसतं, तुम्ही सांगायची गरज पडत नाही. सोडण्याचा तो नेमका क्षण उघड्या रीललाही तोच असतो. एकदा हाताला कळला की तो पुढे तिच्याबरोबर जातो. तेव्हा बटणाच्या रीलवर शिकलेलं फुकट जाईल ही भीती सोडा. त्याच्या मर्यादा आहेत: तंगूस कमी मावतो, फेक थोडी तोकडी पडते, मोठ्या माशाशी झुंजायला ते कमी पडतं. यातली एकही मर्यादा या वर्षी तिच्या आड येणार नाही.

जाता जाता, या रीलची जन्मकथा तुमच्या मित्राला जरूर सांगा. अमेरिकेतल्या टल्सा शहरात झीरो अवर बॉम्ब कंपनी नावाची एक कंपनी होती, ती तेलविहिरींत वापरायचे वेळेवर फुटणारे बॉम्ब बनवायची. तिच्याकडे आर. डी. हल नावाचा टेक्ससचा एक घड्याळजी गुंता न होणाऱ्या रीलची कल्पना घेऊन गेला. १९४९ मध्ये पहिलं रील बाहेर पडलं, कंपनीचं नाव पुढे आद्याक्षरांवरून झेब्को झालं, आणि १९५४ साली आलेलं त्यांचं ‘३३’ हे मॉडेल तेव्हापासून असंख्य मुलांच्या हातातलं पहिलं रील ठरलं. घड्याळजीच्या डोक्यातून निघालेल्या यंत्राला अगदीच बालिश म्हणू नये.

घेताना आतली चाकं धातूची आहेत का विचारा, हँडल उलटं फिरत नाही ना ते बघा, आणि ड्रॅग, म्हणजे जोराचा ताण आला की तंगूस हळूहळू सोडणारी रीलमधली सोय, खरोखर काम करतो का ते तपासा. तपासायची सोपी रीत: पाऊण लिटर पाणी भरलेली बाटली तंगुसाच्या टोकाला बांधा, तंगूस काठीच्या कड्यांतून न ओवता सरळ रीलच्या तोंडातून घ्या आणि रील वर उचला. बाटली उचलता उचलता रीलने हळूच तंगूस सोडायला लागावं, तिथे ड्रॅग लावा. सहा पौंडी तंगूस साधारण २.७ किलोला तुटतो, त्याच्या पाव ते तृतीयांश एवढाच ताण ड्रॅगने येऊ द्यायचा असतो. म्हणजे तिने घाबरून कितीही जोरात ओढलं तरी तंगूस तुटत नाही.

मुलगी डावखुरी असेल तर बघून घ्या: बटणाच्या बऱ्याच रीलचं हँडल उजवीकडेच असतं, काहींचं बदलता येतं. उघड्या रीलचं बहुतेक बदलता येतं.

आता तुमच्या तिघांच्याही बोलण्यात न आलेला एक पर्याय. रीलच नको. तीन मीटरची हलकी, एकात एक सरकणारी काठी, शेंड्याला काठीएवढ्याच लांबीचा तंगूस बांधलेला, त्याला छोटा बोया आणि गळ. बस्स. बांबूच्या काठीचाच हा नवा अवतार. जपानमधली तेंकारा पद्धतही बिनरीलचीच. तुम्ही म्हणाल, आत्ता तर लांब काठी नको म्हणत होतात. हिच्यावर रीलचं वजन नसतं आणि ती जोराने फेकायची नसते, फक्त झुलवायची असते. अडकण्यासारखं तिच्यात काही नाही. बोया बुडाला की काठी उचल, एवढंच शिकायचं. काठाशी छोटे मासे भरपूर असतील, पाणी शांत असेल, तर पहिला मासा लागण्याची सर्वांत जास्त शक्यता या काठीवर. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांना मी डोळे मिटून हीच सांगते. फक्त विजेच्या तारांखाली ती उघडायची नाही, आणि आभाळ गडगडलं की लगेच मिटवून निघायचं. कार्बनमधून वीज वाहते, आणि तीन मीटर उंचीची सळई घेऊन पाण्याकाठी उभं राहण्यात काही शहाणपण नाही.

पण तुमच्या मुलीने काय मागितलंय? ‘लांब टाकता येईल अशी.’ तिला टाकण्यात रस आहे. (दगडही टाकतच होती.) तिला बिनरीलची काठी दिली तर मासे जास्त मिळतील आणि तरी ती नाराज होईल. म्हणून तिच्यासाठी माझं मत बटणाच्या रीलकडे. मासा बघायचा, हातात धरायचा म्हणणारं मूल असतं तर उलट सांगितलं असतं.

काठी कोणतीही घ्या, तिच्यावर भरून आलेला तंगूस काढून टाका आणि नवा, साधा एकपदरी नायलॉनचा, सहा ते आठ पौंडी भरा. विणलेला तंगूस तुमच्याकडे असेल, तो तिला देऊ नका. तो ताणला जात नाही, झटका सरळ हाताला लागतो, आणि बोटाभोवती गुंडाळून ओढला तर कापतो. गळ आठ किंवा दहा नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो हे नव्याने सुरुवात करणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं. दांडा लांब असलेला घ्या, माशाच्या तोंडातून काढायला सोपा जातो. आणि पक्कडीने त्याचा उलटा काटा दाबून सपाट करा. एखादा मासा निसटेल. पण गळ फ्रॉकमध्ये, टोपीत किंवा बोटात रुतला तर तो आला तसा मागे निघतो, आणि कधी ना कधी रुततोच.

गळ पाण्यात खाली जावा म्हणून तंगुसावर बसवतात त्या शिशाच्या गोळ्यांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. तंगुसावर चीर असलेली गोळी दातांनी दाबून बसवायची सवय जुन्या गरवणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना असते, कदाचित तुम्हालाही. मुलगी तुमच्याकडे बघूनच शिकणार आहे. शिसं मुलांच्या मेंदूला आणि वाढीला घातक आहे, आणि त्याचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाण माहीत नाही. ब्रिटनने हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरतात म्हणून १९८७ साली ०.०६ ते २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर बंदी घातली. तिच्या डबीत कथिलाची किंवा पोलादाची वजनं ठेवा, आणि तुमच्या डबीतल्या शिशाला हात लावलात तर हात धुऊन मगच तिच्या खाऊच्या डब्याला लावा.

आता तुमच्या पत्नीकडे येते. ‘दहा वर्षांची होऊ दे’ यातला दहा हा आकडा त्यांनी कुठून आणला ते विचारलंत का? माझा अंदाज आहे की त्यांना काळजी वयाची नसून पाण्याची आणि गळाची आहे, आणि ती रास्त आहे. तीन वर्षं थांबून पाणी उथळ होणार नाही. म्हणून काठी घेण्याआधी तिच्या मापाचं लाइफ जॅकेट घ्या आणि काठावर उभं राहतानाही ते घालायचं हा नियम करा. होडीत तर प्रश्नच नाही. डोळ्यांना चष्मा, डोक्याला टोपी. गळ टाकण्याआधी मागे वळून बघायचं आणि ‘टाकते’ म्हणून सांगायचं. हे तुम्हीही करायचं, नाहीतर ती चार दिवसांत सोडून देईल. पत्नीला पहिल्या दिवशी बरोबर न्या. लांबून कल्पना करण्यापेक्षा समोर बघितलेलं कमी भीतिदायक असतं.

पाण्यावर जाण्याआधी मोकळ्या मैदानात सराव होऊ द्या. गळाऐवजी टोकाला रबरी किंवा प्लॅस्टिकचं सरावाचं वजन बांधा, दहा-बारा पावलांवर एक रिंग किंवा बादली ठेवा, आणि तुम्ही बाजूला बसा. लांब टाकायची तिची हौस इथेच पुष्कळ भागेल. बरीच मुलं या खेळावरच आठवडाभर खूश असतात, आणि मग पाण्यापाशी येतात तेव्हा फेक जमलेली असते.

पहिल्या काही खेपांना तुमची काठी घरीच राहू द्या. हे तुम्हाला सर्वांत जड जाणार, मला कल्पना आहे. पण तुमची काठी हातात असली की तुमचं लक्ष तुमच्या बोयावर असणार, आणि तिचा गुंता हा तुम्हाला व्यत्यय वाटणार. मोठ्या माशाच्या जागी नेऊ नका. छोटे, भुकेले, सतत टोकरणारे मासे जिथे असतील तिथे न्या. अर्धा-पाऊण तास झाला की ती ‘अजून’ म्हणत असतानाच निघा. मासा सोडायचा असेल तर हात आधी ओले करायला सांगा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. गांडूळ लावायला किंवा गळ काढायला ती नको म्हणाली तर तूर्त तुम्ही करा, टोमणे न मारता. पण गळ टाकणं, ओढून घेणं आणि मासा काठावर आणणं यात हात घालू नका. मासा निसटताना दिसला तरी.

आवड टिकेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि दुकानदाराकडेही नाही. एवढं मात्र सांगते की महागड्या काठीला तुम्ही नकळत व्याज लावाल. ‘एवढी चांगली आणून दिली, आणि तू बघ’ हे वाक्य तोंडून गेलं नाही तरी चेहऱ्यावर दिसेल. मध्यम दर्जाची, तिच्या मापाची काठी मोडली, हरवली किंवा कोपऱ्यात पडून राहिली तरी तुम्हाला चुटपुट लागणार नाही, आणि मग तिलाही मोकळेपणी वापरता येईल. वाचवलेल्या पैशांत दोन-तीन वर्षांनी, तर्जनी रिळाच्या कडेपर्यंत पोहोचायला लागली की, साडेपाच-सहा फुटी काठी आणि छोटं उघडं रील घ्या. हजार किंवा दोन हजार नंबरचं (हा रीलच्या आकाराचा नंबर) पुरतं. तोवर तुमचं मत बदललं असेल, तिचं तर नक्कीच.

असेच प्रश्न इतरही काही पालकांनी विचारले आहेत, म्हणून थोडक्यात. मूल दहा-अकराचं असेल आणि हाताने चपळ असेल तर सरळ उघड्या रीलवर न्यायला हरकत नाही, पहिले दोन-तीन दिवस गुंते सोडवायची तयारी ठेवा. तुम्हाला स्वतःला काहीच येत नसेल तर बिनरीलची काठी घ्या आणि दोघं मिळून शिका. बरोबरीने चुकणारा मोठा माणूस मुलांना फार आवडतो. काठी खाऱ्या पाण्यात वापरलीत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, उभी वाळवून ठेवा, हे काम मुलाकडेच द्या. तुटलेला तंगूस पाण्यात किंवा झाडावर सोडू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. तुकडे जमवायला एक झाकणाची डबी बरोबर असू द्या. आणि घरात दोन भावंडं असतील तर एकच भारी काठी घेऊन ‘आळीपाळीने वापरा’ म्हणण्यापेक्षा दोन साध्या घ्या, शक्यतो सारख्या, मुठीवर वेगवेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून.